दोन घरांचा बोका

माझी आणि येल्मरची पहिली भेट झाली तेव्हा माझ्या केसांत ओट्सचा लगदा होता, एप्रन ओलाचिंब होता आणि पायात एकच चप्पल होती. हे आधीच सांगून टाकते, कारण तो ही गोष्ट सांगतो तेव्हा मला पूर्ण अनवाणी करतो.

त्या शनिवारी दुपारी मी कानेलला आंघोळ घालत होते. कानेल म्हणजे आमच्या भाषेत दालचिनी. माझ्या बोक्याचा रंग अगदी तसा, म्हणून हे नाव. बिचारा खाजवून खाजवून हैराण झाला होता. शेपटीच्या वरचे केस गळून गेले होते आणि खालची कातडी लालभडक दिसत होती. पिसवा... दुसरं काय! गेल्या वर्षी औषधाचे थेंब टाकले तर मानेवर हा एवढा चट्टा उठला होता. म्हणून या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी घरगुती उपाय नीट करून बघ, मारिट. बारीक दातांची फणी, साबणाचं पाणी आणि घराची सफाई. खाज शमायला ओट्स."

ओट्सना मला काय तोटा? हार्लिंगनच्या बंदरामागे माझी बेकरी आहे. बाबा चालवायचे, ते गेल्यापासून मी चालवते. मी ओट्स बारीक दळले, मलमलच्या फडक्यात त्यांची पुरचुंडी बांधली आणि कोमट पाण्यात पिळत राहिले. पाणी दुधासारखं झालं. कानेलही त्यात संतमहात्म्यासारखा डोळे मिटून बसला. मला वाटलं, जिंकलं! तेवढ्यात बंदरावर बोटीचा भोंगा वाजला... आणि संतमहात्मा माझ्या खांद्यावरून डोक्यावर आणि डोक्यावरून खिडकीबाहेर!

बाहेर समुद्राकडून पावसाची तिरकी झड येत होती. कानेल भिंतीवरून मागच्या बोळात उतरला. मी फाटकातून त्याच्यामागे. बोळाच्या पलीकडची घरांची रांग दुसऱ्या रस्त्याकडे तोंड करून आहे. तिथली माणसं मला पाठमोरीही माहीत नव्हती. त्यातल्या एका घराचं मागचं दार उघडं होतं. उंबऱ्यावर ओल्या पंजांचे ठसे होते. मी काही विचार न करता आत घुसले—

आणि थेट एका वाढदिवसात जाऊन उभी राहिले.

खोलीत खुर्च्यांचं रिंगण, रिंगणात माणसं, माणसांच्या मांडीवर केकच्या बश्या. मधल्या उंच खुर्चीत कागदी फुलांची माळ घातलेल्या एक आजी. आणि आजींच्या मांडीवर माझा कानेल, त्यांच्या रुमालानं पाठ पुसून घेत!

आता, आमच्याकडे वाढदिवसाच्या रिंगणात शिरलेल्या माणसाची सुटका नसते. एकेकाशी हात मिळवत पूर्ण गोल फिरायचं आणि प्रत्येकाचं अभिनंदन करायचं. ज्याचा वाढदिवस त्याचं तर करायचंच, पण मुलीचं आईबद्दल, बहिणीचं बहिणीबद्दल, जावयाचं सासूबद्दल आणि शेजाऱ्याचं शेजारणीबद्दलही करायचं. घराला आग लागलेली असली तरी आधी रिंगण पुरं करायचं, अशीच आम्ही सगळी वाढलोय. मी ओला हात एप्रनला पुसला आणि सुरुवात केली. "अभिनंदन! अभिनंदन! हो, अभिनंदन!"

शेवटच्या खुर्चीत आजींची धाकटी बहीण होती. तिला सगळे हिल्त्ये मावशी म्हणतात. तिनं माझा हात सोडलाच नाही. मला वरून खाली न्याहाळत म्हणाली, "मागच्या दारानं आलीस म्हणजे घरचीच तू. आपल्या येल्मरची ना? अगंबाई! अभिनंदन हो, तुझ्या आजेसासूबाईंबद्दल!"

आणि मी... मी म्हणाले, "आभारी आहे."

काय करणार! अभिनंदन केलं की आभार मानायचे, जीभ ऐकतेच कुठे? रिंगणातून एक लांबलचक "आऽऽ!" उठला. बश्या खाली ठेवल्या गेल्या. त्याच क्षणी स्वयंपाकघरातून कॉफीची किटली घेऊन एक उंच, वाऱ्यानं रापलेला, विस्कटलेल्या केसांचा मुलगा बाहेर आला.

"काय झालं? कुणाबद्दल अभिनंदन?"

"तुझ्या मैत्रिणीबद्दल!" हिल्त्ये मावशी म्हणाली. "एवढी गोड पोरगी, आणि आमच्यापासून लपवून ठेवलीस!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आधी केसांतले ओट्स, मग एप्रन, मग ती एकुलती एक चप्पल. त्याच्या डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या.

"लपवली कुठे, मावशी? मलाही आत्ताच कळतंय," तो म्हणाला.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण धरणीच्या आधी त्यानंच मला स्वयंपाकघरात नेलं, कोरडा टॉवेल दिला आणि गुलाबी साखरेच्या केकचा एक तुकडा पुढे ठेवला. केक माझ्याच बेकरीतला होता. मी तो रागानं खाल्ला.

"तो माझा बोका आहे," मी म्हणाले.

"असेल. पण झोपतो माझ्या पायांशी."

"शक्यच नाही! रोज पहाटे मी कणीक मळायला उठते तेव्हा तो माझ्या ओट्याजवळ बसलेला असतो."

"पहाटे," येल्मर म्हणाला. "आणि रात्रभर?"

रात्रभर मी झोपलेली असते. हा मुद्दा मला कधी सुचलाच नव्हता.

"आमच्याकडे तो अ‍ॅडमिरल आहे," तो सांगू लागला. "गेले दोन हिवाळे आजीकडे येतोय. मी वसंतात जहाजावरून परत आलो तेव्हापासून माझ्या पलंगाचा निम्मा भाग त्याचा. संध्याकाळी वाटीभर मासळी—"

"सकाळी माझ्याकडे वाटीभर मासळी!"

आम्ही दोघांनी दारातून बोक्याच्या पोटाकडे पाहिलं. बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला.

"म्हणजे त्याच्या अंगाला व्हिनेगरचा वास येतो, ते तुमचं काम?" मी विचारलं.

"पाण्यात मिसळून चोळतो. पिसवा पळतात म्हणे. आणि त्याला ओट्सचा वास का येतो ते मला आज कळलं. मी उगाच आजीला बोलत होतो, नाश्ता सांडतेस म्हणून."

"उघड्या कातडीवर व्हिनेगर? तुम्ही स्वतःच्या खरचटलेल्या ढोपरावर ओतून बघा एकदा!" माझी नजर खिडकीतल्या छोट्या बाटलीवर गेली. लॅव्हेंडरचं तेल. "आणि हे काय?"

"उद्यापासून लावणार होतो. वास छान येतो..."

"खबरदार! मांजर दिवसभर अंग चाटतं. हे तेल पोटात गेलं तर जिवावर बेतेल त्याच्या!"

त्यानं निमूटपणे बाटली उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी मोठ्या तोऱ्यात मान उडवली. "मी नाही असले प्रयोग करत. मी सरळ मासळीत लसूण ठेचून घालते."

"लसूण?" त्याचा चेहरा एकदम उतरला. "अहो, लसूण मांजराला विष आहे! रक्त बिघडतं. आमच्या जहाजावरच्या मांजरीच्या वेळी शिकलो मी. किती दिवस घालताय?"

माझा सगळा तोरा उतरला. "काल... फक्त कालच घातला. त्यानं तोंडही लावलं नाही."

"शहाणा आहे तो," येल्मर म्हणाला. बोका आजींच्या मांडीवर पाय ताणून पडला होता. आम्हा दोघांच्याही मायेतून तो आतापर्यंत वाचला होता, हेच नवल.

मग मला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. त्या म्हणाल्या होत्या, एवढं करूनही पिसवा जात नसतील तर एक तर घरात कुठेतरी अंडी राहतायत, नाहीतर बोका दुसरीकडे झोपतोय. मी हसण्यावारी नेलं होतं. पण हिशेब सरळ होता. अंगावर दिसतात त्या थोड्या. बाकीचा सगळा गोतावळा गालिच्यात, गाद्यांत आणि जमिनीच्या फळ्यांच्या फटींत. मी माझं घर झाडलं की तो त्यांच्या घरून आणायचा, त्यांनी झाडलं की माझ्या घरून.

"म्हणजे दोन्ही घरं एकाच दिवशी साफ करायला हवीत," मी म्हणाले.

"आणि लवकर. ऑक्टोबर संपला की मी बेटावर चाललोय, टेरस्खेलिंगला. शिडं शिवायच्या कारखान्यात काम मिळालंय. वर माळ्यावर राहायची खोली. मालक म्हणाला, बोका खुशाल आण, पण एक जरी पिसू शिडांत शिरली तर दोघांनाही समुद्रात बुडवीन."

"बोका... आण?"

"हो, आजीला आता वाकून त्याचं काही करवत नाही. तीच म्हणाली, तू घेऊन जा."

केकचा शेवटचा घास मी तसाच बशीत ठेवला. बाबा गेले त्या हिवाळ्यात हा बोका माझ्या खिडकीतून आत आला होता. भट्टीजवळच्या बाबांच्या खुर्चीत मला कुणाला बसू द्यावंसं वाटत नव्हतं. हा न विचारता बसला, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि झोपला. त्या दिवसापासून मी घरात पुन्हा मोठ्यानं बोलायला लागले. आता तो बरा झाला की बोटीत बसून जाणार होता... आणि त्याला बरं मीच करणार होते.

हे सगळं अनोळखी माणसाला कसं सांगायचं? मी म्हणाले, "उद्या सकाळी. व्हॅक्यूम क्लीनर माझा वापरू, तो जास्त ओढतो."

त्या रात्री माझ्या मनात पाप आलं, नाही कशाला म्हणू? एक गालिचा न धुता राहू दिला तर... एकच! पण पहाटे कानेल ओट्याजवळ आला आणि अर्धी कणीक मळून होईपर्यंत कंबर चावत, चाटत, खाजवत राहिला. मधेच थकून माझ्या पायावर डोकं टेकवलं. मला माझीच लाज वाटली. उजाडल्याबरोबर मी तो गालिचा सगळ्यात आधी उचलला.

रविवारी अख्खा बोळ आमच्या सामानानं भरला. गाद्या, पांघरुणं, उश्या... धुण्यासारखं सगळं कढत पाण्यात गेलं. फळ्यांच्या फटी, सोफ्याखालची अंधारी जागा, पलंगाच्या फटी... व्हॅक्यूम क्लीनर दिवसभर घोंघावत होता आणि त्याची पिशवी आम्ही दर वेळी बांधून बाहेर टाकत होतो. आजी अंगावर कोट चढवून फाटकात खुर्ची टाकून बसल्या होत्या. "गादीखाली अक्रोडाची पानं घाला रे," त्या सारखं म्हणत होत्या. "माझी आई घालायची."

"त्यानं पिसवा जातात का, आजी?" मी विचारलं.

"काय की बाई. पण वास छान येतो."

येल्मर माझ्या चादरीचं एक टोक धरून पिळत होता, दुसरं टोक माझ्या हातात. त्यानं पीळ दिला की मी पुढे ओढली जात होते.

"तुम्ही जरा हळू पिळाल का?" मी म्हणाले.

"एकमेकांच्या गाद्या झटकल्यावर कसलं तुम्ही-आम्ही?" त्यानं अजून एक पीळ दिला. आता आमच्यात वीतभर चादर उरली होती. त्याच्या भुवईला साबणाचा फेस लागला होता. मला तो पुसावासा वाटला... आणि तसं वाटल्याचं आश्चर्यही वाटलं. मी पटकन टोक सोडून दिलं. तो चादरीसकट बादलीत बसला.

"बरोबर," तो बादलीतूनच म्हणाला. "आता तूच म्हणतो मी तुला."

त्यानंतर रोज संध्याकाळची फणी सुरू झाली. एक दिवस माझ्याकडे, एक दिवस त्याच्याकडे. बोका मधे, आम्ही दोन बाजूंना, शेजारी साबणाच्या पाण्याचं भांडं. मानेपासून शेपटीपर्यंत फणी फिरवायची, पिसू निघाली की पाण्यात बुडवायची. मग ओट्सच्या पाण्यात भिजवलेलं फडकं लाल कातडीवर हलकेच ठेवायचं. पहिल्या फडक्याला बोका फिस्कारला, नंतर स्वतःच कूस वळवून पुढे करायला लागला.

"फणीत हे काळे कण आलेत," येल्मरनं एकदा विचारलं. "ही माती की पिसवांची घाण?"

मी पांढरा कागद ओला केला आणि त्यावर कण झटकले. "बघत राहा. पिसवांच्या घाणीत बोक्याचंच रक्त असतं. तांबूस डाग पसरला तर पिसवा आहेत. नाही पसरला तर साधी धूळ."

आम्ही कागदावर वाकलो. कणाभोवती हळूहळू गंजासारखा तांबूस डाग पसरला. त्याचे केस माझ्या कपाळाला लागत होते. वारा खिडकी धडधडवत होता.

"इतकी रोमँटिक संध्याकाळ मी आयुष्यात पाहिली नव्हती," तो हळूच म्हणाला.

मी इतकी हसले की कागद फाटला.

त्याच्याकडे जायचं असलं की मी खसखशीचे पाव न्यायचे. वरून निळसर काळी खसखस गच्च पेरलेले, भट्टीतून नुकतेच काढलेले. आजींना आवडतात म्हणून, असं मी म्हणायचे. खसखस दातांत अडकते म्हणून आजी त्यांना हातही लावत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. सगळे पाव येल्मरच खायचा. पुढे ही खसखस माझ्याच कामी येणार आहे, हे तेव्हा मला काय ठाऊक!

तो शिडांबद्दल बोलायचा. जाड कापडातून सुई कशी न्यायची, वारा कुठे जास्त ओढतो, कुठे दुहेरी टाका लागतो. मी कणकेबद्दल बोलायचे. बोक्याच्या पाठीवर आमची बोटं चुकून एकमेकांना लागायची... मग चुकून नाही, मुद्दाम लागायची. त्याबद्दल मात्र दोघंही चकार शब्द काढायचो नाही. बेटाचं नाव निघालं की कुणीतरी कॉफी करायला उठायचं.

बोक्याच्या कमरेवर आधी मखमलीसारखी लव आली, मग चांगले दाट केस आले. माझ्याकडे फणी रिकामी निघू लागली. एकदा, दोनदा, सतत. पण येल्मरकडे काही ना काही निघायचंच. मी पोहोचायच्या आत त्याचं फणी फिरवून झालेलं असायचं. लांबूनच फणी दाखवायचा, "आज दोन निघाल्या बघ!" आणि लगेच साबणाच्या पाण्यात बुडवायचा.

"तू नीट झाडत नाहीस," मी करवादायचे. "आळशी कुठला! पलंगाखाली बघितलंस का?"

"बघतो," तो पडेल आवाजात म्हणायचा.

घरी येताना बोळात मात्र मी चक्क गुणगुणत यायचे. पिसवा आहेत म्हणजे अजून बोट नाही! बोका इथेच, आणि... आणि तोही इथेच. आधी बोका म्हणायचे, मग तो. कधी हा क्रम उलटा झाला, माझं मलाच कळलं नाही.

ऑक्टोबर संपला. येल्मरनं जाणं एकदा पुढे ढकललं, मग पुन्हा ढकललं. शेवटी बेटावरून मालकाचा निरोप आला: सोमवारच्या बोटीनं ये, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो.

रविवारी दुपारी मी खसखशीचे पाव घेतले आणि एक पांढरा कागदही घेतला. बोका जाणारच असेल तर पुरता बरा होऊन जाऊ दे. एवढं तरी मला नीट करायचं होतं. डोळे भरून येत होते, म्हणून मी पावसात मुद्दाम डोकं उघडं ठेवून गेले.

येल्मर टेबलाशी बसला होता, बोका त्याच्या मांडीवर. आजी खिडकीत विणकाम करत होत्या.

"आजही निघाल्या," तो म्हणाला. "तीन." आणि फणी पाण्याकडे नेली.

"थांब. कागदावर टाक."

"कशाला उगाच... बुडवतो ना."

"येल्मर, कागदावर."

त्याचे कान लाल झाले. मी फणी त्याच्या हातातून घेतली, कागद ओला केला आणि फणी झटकली. तीन काळे कण पडले. आम्ही वाकलो. मी वाट पाहिली. कागद पांढराच्या पांढरा! अजून थोडं पाणी सोडलं. तांबूस काही पसरेना. उलट एक कण पाण्यावर गोल गोल घरंगळत गेला. छोटासा, गोलसर, निळसर झाक असलेला...

मी तो बोटावर घेतला आणि सरळ तोंडात टाकला.

"अगं अगं अगं!" आजींच्या हातातून सुया पडल्या. "येल्मर, पोरगी पिसू खातेय!"

मी दाताखाली चावून पाहिलं. खमंग! माझ्याच भट्टीत भाजलेली.

"येल्मर, ही खसखस आहे."

"असेल."

"माझ्या पावावरची."

"...असेल."

"कधीपासून?"

तो बोक्याच्या कानामागे बघत राहिला. "बरेच दिवस झाले. त्याच्या अंगावर एकही पिसू नाही, मारिट. शेपटीच्या टोकापर्यंत तपासलाय. पण पिसवा संपल्या असं म्हटलं की तू म्हणणार, छान, आता जा. मला वाटत होतं, कधीतरी दुसरं काही म्हणशील. तू रोज म्हणायचीस, पलंगाखाली झाड."

मला हसू आलं. मग ते हसू कुठेतरी मधेच फिरलं आणि मी रडायलाच लागले. बाबांची खुर्ची, त्यात घेतलेली ती गिरकी, घरात पुन्हा आलेला माझा आवाज... सगळं एका दमात सांगून टाकलं. "म्हणून... म्हणून बोक्याला नेऊ नकोस ना."

"फक्त बोक्याला?" त्यानं अगदी हळू विचारलं.

आता नाही बोलले तर सोमवारी बोट होती.

"नाही," मी म्हणाले. "तूही जाऊ नकोस. आधी तूच जाऊ नकोस. मला तू हवा आहेस... रोज संध्याकाळी, फणी असो की नसो."

बोका मांडीवर होता म्हणून त्याला उठता येईना. त्यानं नुसता हात पुढे केला आणि माझ्या केसांतला पाऊस पुसला. "मला तू त्या पहिल्या दिवसापासून आवडतेस," तो म्हणाला. "ओट्ससकट. इथल्या धक्क्यावरही शिडं फाटतात, मारिट. शुक्रवारी मी धक्क्यावरच्याच कारखान्यात विचारून आलोय. माणूस हवाय म्हणाले. फक्त तुझं उत्तर यायचं होतं."

"मग बेटावर कळव!" खिडकीतून आजी ओरडल्या. "माझे टाके सुटले तुमच्यापायी!"

येल्मरनं तिथल्या तिथे फोन लावला. एका हातात माझा हात, चेहरा अत्यंत गंभीर. "नाही हो, मालक," तो म्हणाला. "काय सांगू... पिसवा काही जात नाहीत. हो, सगळे उपाय करून झाले. कायमच्याच आहेत असं दिसतंय."

मी खुर्चीतल्या उशीत तोंड खुपसून हसले. आजी सुया गोळा करत म्हणाल्या, "आमची हिल्त्ये जरा लवकर बोलून गेली, एवढंच."

फेब्रुवारीत माझा वाढदिवस आला. बाबा गेल्यानंतर मी पहिल्यांदाच स्वयंपाकघरात खुर्च्यांचं रिंगण मांडलं. भट्टीजवळची बाबांची खुर्चीही त्यात ओढली. तिच्यावर अर्थातच बोका. आता त्याला दोन्ही घरांत दोन्ही नावांनी हाक मारतात. तो कुठल्याच नावाला ओ देत नाही. सगळे मागच्या दारानं आले. हिल्त्ये मावशीनं येल्मरचा हात धरला आणि माझ्याबद्दल त्याचं अभिनंदन केलं. "आभारी आहे," तो म्हणाला. या वेळी दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

केक वाटून झाला. कॉफी ओतली. आणि सगळ्यांच्या देखत बोक्यानं मागचा पाय उचलला आणि कान खाजवला. खर्रर्र...

येल्मरनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. दोघंही एकदम उठलो. त्यानं फणी आणली, मी पांढरा कागद ओला केला. मानेपासून शेपटीपर्यंत, कानांच्या मागे, हनुवटीखाली. सगळ्यांच्या माना कागदाकडे वळल्या. येल्मरनं फणी झटकली.

"काय निघालं?" हिल्त्ये मावशीनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "एक कणही नाही."

"अगंबाई!" ती उठून उभी राहिली आणि तिनं माझा हात हातात घेतला. "अभिनंदन!"

आणि मग काय, सगळ्यांना उठून पुन्हा एकदा गोल फिरावं लागलं.